बिरसा मुंडा यांना त्यांच्या शाळेसकट शिकवा : आश्रमशाळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि अधीक्षक,
तसेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांतील शिक्षण विभाग

स. न. वि. वि.

१५ नोव्हेंबरला आपल्या शाळांत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी प्रभातफेरी निघते, प्रतिमापूजन होतं, पालघरकडे तारपा, नंदुरबारकडे पावरी, गडचिरोलीत रेला असा नाच होतो. एक मुलगा डोक्याला फडकं बांधून, हातात धनुष्यबाण घेऊन उभा राहतो आणि दोन-तीन भाषणांत ‘जल, जंगल, जमीन’ हे शब्द येऊन जातात. २०२१ पासून हा दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून देशभर पाळला जातो, त्यामुळे परिपत्रक येतं आणि फोटो वर पाठवायचे असतात. यातल्या कशालाच आमची हरकत नाही. अडचण एवढीच आहे की मुलं कार्यक्रमातून उठतात तेव्हा बिरसा मुंडा कशासाठी लढले हे त्यांना सांगता येत नाही. ‘इंग्रजांशी लढले’, इतकंच सांगतात. कोणती जमीन, ती कुणाची होती, कोणत्या कागदाने गेली आणि शेवटी हातात काय पडलं, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त खटकते. आपल्यासमोर बसलेलं मूल घरापासून लांब, परक्या भाषेत, वसतिगृहात राहून शिकतं आहे. बिरसाही तसाच शिकला होता. पण ही वर्षं भाषणांतून सरसकट गळतात. काहींना मिशनशाळेचा उल्लेख अवघड वाटतो, काहींना तिथून तो बाहेर पडला हे सांगणं अवघड वाटतं, आणि मग सोपा मार्ग म्हणून गोष्ट थेट जंगलातल्या लढाईपासून सुरू होते. आमचं म्हणणं आहे की ती चार वर्षं गाळली तर पुढचं काहीच उलगडत नाही.

म्हणून आधी ती वर्षं. जन्म १५ नोव्हेंबर १८७५, गाव उलिहातू, आज झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात. वडील सुगना, आई करमी. शेती पुरत नव्हती, घर या गावातून त्या गावात हलत राहिलं. मुलगा काही काळ मामाकडे आयुभातूला राहिला आणि जवळच्या सलगा गावात जयपाल नाग यांच्या छोट्या शाळेत अक्षरं शिकला. नंतर मावशीबरोबर तिच्या सासरी गेला, तिथे गुरं-शेळ्या राखल्या. पुढे बुडजू इथल्या जर्मन मिशनच्या प्राथमिक शाळेत आणि तिथून चाईबासाच्या मिशनशाळेत. चाईबासाची वर्षं १८८६ ते १८९०. बाप्तिस्मा झाला, नाव पडलं बिरसा डेव्हिड, काही ठिकाणी ते दाऊद असंही लिहिलेलं सापडतं. वडिलांनीही ख्रिस्ती धर्म घेतला होता. रांची ते चाईबासा हे अंतर सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर आहे. भिंतीवर नकाशा लावाल तेव्हा रांची वर, खुंटी मध्ये आणि चाईबासा खाली, असे तीन ठिपके ठळक करा. अकरा वर्षांचं मूल घरापासून किती दूर पाठवलं गेलं ते मुलांना ठिपके पाहताच कळतं, सांगावं लागत नाही.

हे मिशन म्हणजे बर्लिनच्या गोस्नर यांनी पाठवलेल्या लुथरन पाद्र्यांचं. चार जण २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीत पोचले. पहिल्या काही वर्षांत कुणी त्यांच्याकडे फिरकलं नाही, पहिला बाप्तिस्मा १८५० मध्ये झाला. मग मात्र संख्या भराभर वाढली, आणि त्यामागचं मोठं कारण जमीन हेच होतं. जमीनदाराविरुद्ध कचेरीत उभं राहायचं तर अर्ज लिहिणारा, कायदा समजणारा आणि साहेबाशी बोलू शकणारा माणूस लागे. मुंडा आणि उरांव या तिथल्या आदिवासी जमातींच्या शेतकऱ्यांना तो पाद्र्यांमध्ये दिसला. १८८५ नंतर बेल्जियन जेझुइट (कॅथलिक संघाचे) फादर लीव्हन्स यांनी तोरपा भागात हेच काम अधिक उघडपणे केलं आणि तिथेही लोकांची रीघ लागली. मुलांना हे सांगताना ‘भुलवून बाटवलं’ किंवा ‘उद्धार केला’ यांपैकी कुठलंही वाक्य वापरू नका. दोन्ही वाक्यांत शेतकरी मूर्ख ठरतो. तो मूर्ख नव्हता, कोर्टात टिकेल असा आधार शोधत होता.

तुटलं तेही जमिनीवरूनच. गावोगावचे सरदार म्हणजे जुन्या मालकांचे पुढारी वर्षानुवर्षं अर्ज करत होते. मिशनचे डॉ. नॉट्रॉट यांनी, ख्रिस्ती राहाल तर गेलेली जमीन परत मिळेल, अशी आशा दाखवली असं लोकांचं म्हणणं होतं. पुढे मिशन आणि सरदार यांचं बिनसलं आणि पाद्री सरदारांना फसवे म्हणू लागले. चाईबासाच्या शाळेतल्या या मुलाने त्यावर तोंडावर टीका केली आणि १८९० मध्ये शाळा सुटली. ‘साहेब साहेब एक टोपी’, म्हणजे गोरा पाद्री आणि गोरा अधिकारी दोघे एकच, हे वाक्य त्याच्या नावावर याच प्रसंगातलं सांगतात. पंधराव्या वर्षी हे ज्याच्या लक्षात आलं तो मुलगा शाळेत नीट शिकलेला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना ऐकू द्या. नॉट्रॉट यांनीच मुंडारीचं, म्हणजे मुंडांच्या भाषेचं, व्याकरण लिहिलं होतं, तेही सांगा. माणसं एका रंगात रंगवायची गरज नाही, आठवी-नववीच्या मुलांना हे झेपतं.

आता खरा गाभा, जमीन कशी गेली. इथे शिक्षकाने वेळ द्यावा, बाकी सगळं थोडक्यात आटोपलं तरी चालेल.

मुंडा गावाची मूळ पद्धत खुंटकट्टी. ज्या किलीच्या म्हणजे कुळाच्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवलं, त्यांचे वंशज मिळून हद्दीतल्या सगळ्याचे मालक, मग ते शेत असो, पडीक असो की जंगल. गावाचा प्रमुख मुंडा, पूजा करणारा पाहान, आणि काही गावं मिळून होणाऱ्या पट्टीवर मानकी. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या मोठाल्या शिळा, सासनदिरी, हा त्यांचा हक्काचा दाखला. वर छोटानागपूरच्या, म्हणजे रांचीभोवतीच्या या पठाराच्या, नागवंशी महाराजाला ठरलेला किरकोळ चंदा जायचा. तो खंड नव्हता, कारण जमीन महाराजाची नव्हतीच. मग महाराजाने दरबारी, पुरोहित, शिपाई, घोड्यांचे आणि कापडाचे व्यापारी यांना गावं जहागीर म्हणून द्यायला सुरुवात केली. त्याच्याकडे द्यायला होता फक्त चंद्याचा हक्क. जहागीरदाराने मात्र तो कागद सगळं गाव विकत घेतल्यासारखा वापरला. चांगली भातखाचरं स्वतःकडे घेतली, त्यांना मंझिहस म्हणत. उरलेल्यावर खंड बसवला, ती राजहस. जुन्या मालकांकडे जे तुकडे टिकले ती भुईंहरी. वर बेठबेगारी, म्हणजे जहागीरदाराची नांगरट, आवणी, कापणी, मळणी फुकट करायची, पालखी आणि ओझी वाहायची. पालघर-तलासरीच्या मुलांना यासाठी वेगळं समजावावं लागणार नाही, १९४५ चा वारली उठाव याच वेठीविरुद्ध होता आणि कुणाच्या ना कुणाच्या आजोबांनी तो सांगितलेला असतो.

हे फळ्यावर लिहून मुलांच्या डोक्यात राहत नाही, त्याचा खेळ करा. साहित्य घरचंच: एक पुठ्ठा, त्यावर २० चौकोन, त्यातले १२ शेताचे आणि ८ जंगलाचे, दोनेकशे चिंचोके आणि मूठभर बटणं. मुलांचे चार गट, प्रत्येकाकडे तीन शेतं. एका शेतातून दर वर्षी चार चिंचोके पिकतात, म्हणजे गटाला १२. त्यातले ८ खाण्याला, १ बियाण्याला, ३ शिल्लक. चंदा साऱ्या गावाचा मिळून १. पहिली फेरी मजेत जाते, जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत जहागीरदार येतो. प्रत्येक शेतामागे एक बटण खंड, आणि तो बटणातच द्यायचा. बटणं फक्त महाजनाकडे, एका चिंचोक्याला एक. शिवाय आवणीच्या वेळी प्रत्येक गटातलं एक मूल बेगारीला उठवायचं, म्हणून त्या गटाचं एक शेत निम्मंच पिकतं. आता गटाकडे आले १०, खाणं आणि बियाणं जाऊन उरला १, द्यायचे ३. दोन उसने. महाजन पुढच्या वर्षी दोनाचे तीन घेतो. तिसऱ्या फेरीत पुन्हा दोन कमी पडतात, त्यात जुने तीन, म्हणजे देणं ५, एका शेताच्या पूर्ण पिकापेक्षा जास्त. हे आकडे खेळासाठी ठरवलेले आहेत, इतिहासातले म्हणून सांगू नका. चाल मात्र तीच होती.

चौथी फेरी सगळ्यात महत्त्वाची. खंड भरला होता, पण पावती मिळाली नव्हती. जहागीरदार म्हणतो, भरलाच नाही. समन्स निघतं. ते शिक्षकाने कठीण इंग्रजीत, एकदाच, भरभर वाचावं आणि ‘हजर आहे’ म्हणायला पाचपर्यंत मोजावं. बहुतेक गट गप्प राहतात. एकतर्फी हुकूम, मग लिलाव, शेताच्या चौकोनावर उलटं पान. मुंडारी बोलणाऱ्या माणसाला हिंदी, इंग्रजीच्या कचेरीत असंच व्हायचं, आणि कचेरी दोन-तीन दिवसांच्या पायपिटीवर. पाचव्या फेरीत जंगलाच्या आठ चौकोनांवर लाल कागद ठेवा. १८७८ च्या वन कायद्याचा पसारा वाढत १८९३-९४ च्या सुमारास गावांभोवतीची पडीक आणि जंगल जमीन ‘संरक्षित’ म्हणून जाहीर होऊ लागली होती. दुष्काळी सालात ज्या कंदमुळांवर, मोहावर गाव तरून जायचं, तेही परवान्याचं झालं.

खेळ बिघडतो तो तीन जागी. महाजन किंवा जहागीरदार मुलाला केलं की त्याला हसू येतं, तो इतरांना चिडवतो आणि सगळ्याची टिंगल होते, म्हणून त्या दोन्ही भूमिका शिक्षकांनीच घ्याव्यात. चाळीस मिनिटांच्या एका तासात पाच फेऱ्या होत नाहीत, चौथी घाईत उरकली जाते आणि तीच तर कळायला हवी, म्हणून दोन तास जोडून घ्या. आणि हिशेब प्रत्येक गटाने स्वतःच्या वहीत लिहायचा, फळ्यावर शिक्षकाने नाही. वहीत ‘देणं ५’ लिहिताना मूल जे शिकतं ते ऐकून शिकत नाही.

‘मग ते कोर्टात का गेले नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. गेले होते, म्हणून तर उत्तर द्यायला मजा आहे. १८३१-३२ चा कोल उठाव झाला, त्यानंतर १८५८ च्या पुढे जवळजवळ चाळीस वर्षं सरदारी लढाई चालली. ती बहुतांशी अर्जांची लढाई होती. वर्गणी काढायची, वकील करायचा, कलकत्त्यापर्यंत निवेदनं पाठवायची. सरकारने १८६९ चा कायदा केला आणि राखालदास हालदार यांच्या देखरेखीखाली भुईंहरी जमिनींची मोजणी झाली, ती १८८० पर्यंत चालली. पण कायद्याने हात घातला तो भुईंहरी आणि मंझिहस या दोनच प्रकारांना, राजहसचा मोठा हिस्सा आणि पडीक-जंगल बाहेर राहिलं. गेलेली जमीन परत मागायची तर ती मागच्या २० वर्षांत गेलेली असायला हवी होती, आणि बऱ्याच गावांची त्याआधीच गेली होती. वकील पैसे घेत राहिले. या सगळ्या अर्जांची शाई वाळत असताना चाईबासाच्या बाकावर बिरसा बसला होता. त्याला शाळेत जे खुपलं ते हेच.

शाळेनंतरची काही वर्षं बंदगावला आनंद पांडे नावाच्या वैष्णव गृहस्थाकडे गेली. तिथलं जानवं, तुळस, मांस वर्ज्य करणं पुढे त्याने काढलेल्या बिरसाईत धर्मात दिसतं. मिशनमधून आलेला एकच देवाचा आग्रह दिसतो, आणि मुंडांचा सर्वोच्च देव सिंगबोंगा तर पायाच आहे. दारू नको, बळी नको, भुताखेतांचा धाक नको. १८९५ मध्ये चालकदला लोकांची रीघ लागली, ते बिरसाला ‘धरती आबा’ म्हणजे धरतीचा बाप म्हणू लागले. त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांनी रात्री छापा घालून पकडलं, नोव्हेंबरमध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात रवानगी. सुटल्यावर दोन वर्षं डोंबारी आणि आसपासच्या डोंगरांवर रात्रीच्या सभा. २४ डिसेंबर १८९९ च्या रात्री उलगुलान म्हणजे मोठा उठाव सुरू झाला. खुंटी, तमाड, कर्रा, तोरपा, बसिया, चक्रधरपूर या टापूत बाण सुटले, आगी लागल्या, मिशनच्या इमारतींवरही. ७ जानेवारी १९०० ला खुंटीच्या ठाण्यावर हल्ला झाला आणि ९ जानेवारीला सैल रकब डोंगरावर जमलेल्यांवर फौजेने गोळीबार केला. ३ फेब्रुवारीला बिरसा पकडले गेले. डोक्यावर ५०० रुपयांचं इनाम होतं आणि पकडून देणारे आसपासचेच होते. ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात मृत्यू. वय २४ पूर्ण.

भाषणांत आणि भित्तिपत्रकांत याच भागात चुका होतात, म्हणून दोन-चार सरळ सांगतो. बिरसांना फाशी झालेली नाही. खटला निकालात निघण्याआधी ते कोठडीत गेले, सरकारने पटकीचं कारण दिलं, विषप्रयोगाचा संशय लोकांत तेव्हापासून आहे, आणि मुलांना दोन्ही सांगायला हरकत नाही. सैल रकबच्या मृतांचा आकडा ‘चारशे’ म्हणून ठोकून दिला जातो. तो कलकत्त्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात आलेला आकडा आहे, सरकारी आकडा त्याच्या कितीतरी खाली होता. ‘वेगवेगळे आकडे मिळतात’ म्हणावं आणि पुढे जावं. मृतांत बाया आणि मुलं होती हे मात्र सोडू नये. चालकद हे चळवळीचं गाव, जन्मगाव म्हणून उलिहातू लिहावं. आणि उठाव १८५७ च्या धड्यात कोंबू नका, मधे ४२ वर्षं आहेत.

पुढे काय झालं हे तर कुणीच सांगत नाही. रांचीच्या उपायुक्तांच्या १९०० सालच्या पत्रानुसार ४६० जणांवर १५ फौजदारी खटले भरले गेले, ६३ जण दोषी ठरले, एकाला मृत्युदंड, ३९ जणांना जन्मठेप काळ्या पाण्याची, २३ जणांना १४ वर्षांपर्यंत कैद. आरोपींच्या बाजूने कलकत्त्याचे बॅरिस्टर जेकब उभे राहिले. पण सरकारला हेही उमगलं की निव्वळ बंदुकीने हे मिटणार नाही. १९०२ पासून गावोगाव मोजणी आणि हक्कनोंदणी सुरू झाली, ती १९१० पर्यंत चालली. १९०३ च्या दुरुस्तीने मुंडारी खुंटकट्टी हक्क पहिल्यांदा कायद्यात आला. १९०५ मध्ये खुंटी हा वेगळा उपविभाग झाला, म्हणजे कचेरी जवळ आली. आणि ११ नोव्हेंबर १९०८ ला छोटानागपूर टेनन्सी (कूळवहिवाट) कायदा लागू झाला.

या कायद्याच्या घडणीत फादर हॉफमन यांचा हात होता. हे जेझुइट पाद्री सरवदाच्या मिशनमध्ये होते आणि डिसेंबर १८९९ मध्ये बिरसांच्या माणसांनी त्यांच्यावर बाण सोडले होते. त्याच माणसाने पुढे मुंडा जमीनहक्क सरकारला समजावून सांगितले, मुंडारीचं व्याकरण लिहिलं आणि या समाजाच्या भाषेचा आणि जीवनाचा अनेक खंडांचा कोश उभा केला. आमच्या मते संपूर्ण कथेतला हा सर्वात शिकवण्याजोगा भाग आहे. बाण सुटले नसते तर कायदा इतक्या लवकर आला नसता, आणि खुंटकट्टी म्हणजे काय हे कागदावर नीट मांडणारं कुणी नसतं तर आलेला कायदा लंगडा राहिला असता.

कायद्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगता येतं. कलम ४६ प्रमाणे रयताला जमीन मनमानी विकता येत नाही, भाडेपट्टा ५ वर्षांपर्यंत, भुगुत बंधा नावाचं गहाण ७ वर्षांपर्यंत, तेवढ्या काळात पीक खाऊन कर्ज आपोआप फिटलं असं धरायचं. मुंडारी खुंटकट्टी जमिनीला तर त्याहून कडक कुंपण. हा कायदा आजही जिवंत आहे. २०१६ मध्ये झारखंड विधानसभेने त्यात बदलाचं विधेयक मंजूर केलं, लोक रस्त्यावर आले, राज्यपालांनी ते परत पाठवलं आणि सरकारला ते सोडावं लागलं.

इथून आपल्या गावात यायला एक पाऊलच लागतं, आणि ते टाकल्याशिवाय कार्यक्रम पुरा झाला असं समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६अ मध्ये आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ नये अशी तरतूद आहे. मागे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात वैयक्तिक दाव्यासाठी नमुना अ, सामूहिक हक्कासाठी नमुना ब आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क, कब्जाची तारीख १३ डिसेंबर २००५ पूर्वीची, वैयक्तिक हक्काला कमाल ४ हेक्टर, आणि ग्रामसभेने निवडलेली १० ते १५ जणांची वनहक्क समिती. नववी-दहावीच्या मुलांना यातलं तोंडपाठ नको, कागद वाचता आला पाहिजे.

त्यासाठी एक सातबारा पुरेसा आहे. कुण्या विद्यार्थ्याच्या घरचा वर्गात वाचू नका. कर्ज, वाटणी, भांडण सगळं त्यात दिसतं आणि त्या पोराला मान खाली घालावी लागते. नावं, खाते क्रमांक आणि गट नंबर काळे केलेला नमुना घ्या, प्रत्येक दोन मुलांत एक छायाप्रत. वरचा भाग गाव नमुना सात, खालचा बारा. आधी भोगवटादाराचा वर्ग शोधायचा. मग क्षेत्र: लागवडीयोग्य किती, पोटखराब किती, बेरीज जुळते का. मग ‘इतर अधिकार’चा रकाना, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, हस्तांतरणावरचे निर्बंध तिथे असतात. मग फेरफार क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा फेरफार तलाठी कार्यालयातून मागता येतो हे. शेवटी नमुना बारामध्ये पीक कुणी, किती क्षेत्रात लावल्याची नोंद. मुलं अडखळतात ती हेक्टर-आरमध्ये. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि ०.४० म्हणजे ४० आर, चार आर नव्हे. ही एक चूक घरोघरी होते आणि तिच्यावर व्यवहार फसतात, त्यामुळे पंधरा मिनिटं नुसती यावर घालवली तरी वाया जात नाहीत. सराव झाल्यावर मुलांनी सुट्टीत घरचा उतारा आईवडिलांसमोर बसून वाचावा, शाळेत आणू नये.

ग्रामसभेच्या ठरावाचा नमुनाही लिहून घ्या: तारीख, स्थळ, उपस्थितांची संख्या, त्यात स्त्रिया किती, सूचक, अनुमोदक, ठरावाचा मजकूर, सह्या-अंगठे. ठराव नामंजूर होतो तो बहुधा उपस्थिती अपुरी किंवा सह्या नंतर गोळा केल्यामुळे.

आता आमचं मागणं. ११ नोव्हेंबर हा छोटानागपूर कायद्याचा दिवस आणि १५ हा जयंतीचा, दोन्ही धरून पाच दिवस होतात. त्या आठवड्यात सातवीच्या पुढच्या वर्गांना रोज एक तास या विषयाला द्या: पहिल्या दिवशी नकाशा आणि शाळेची वर्षं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोडून खेळ, चौथ्या दिवशी उलगुलान आणि १९०८ चा कायदा, पाचव्या दिवशी सातबारा. दिवाळीची सुट्टी मध्ये आली तर शाळा उघडल्यावर करा, तारखेसाठी अडून बसू नका. प्राथमिक वर्गांना फक्त नकाशा आणि शेळ्या राखणाऱ्या, मग शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट पुरे.

प्रकल्प कार्यालयांना विनंती की त्या महिन्याच्या परिपत्रकात प्रभातफेरीच्या फोटोबरोबर एक ओळ वाढवा: प्रत्येक शाळेने मुलांच्या वहीतल्या हिशेबाची दोन पानं पाठवावीत. फोटो कुठल्याही शाळेचा चालून जातो, वही चालत नाही. छायाप्रतींचा खर्च सादिलमधून म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून करायला परवानगी द्या, साठ मुलांच्या वर्गाला ३० प्रती लागतात. आणि शिक्षकांच्या एखाद्या प्रशिक्षणात अर्धा दिवस तलाठ्यांना बोलवा, कारण सातबाराचा ‘इतर अधिकार’ रकाना समजावताना शिक्षकच अडतात आणि मग तो तास गाळला जातो.

धनुष्यबाण घेतलेला मुलगा १५ तारखेला उभा राहू दे, नाचही होऊ दे. त्याच्या शेजारी पाटी-पुस्तक घेतलेला एक मुलगा किंवा मुलगी उभी करा, आणि तिच्या तोंडी चाईबासाच्या चार वर्षांवरची पाच वाक्यं द्या. ती तिची तिने लिहिलेली असावीत.

आपले,
आदिवासी इतिहास आणि जमीनहक्क यांचा अभ्यास करणारे काही शिक्षक व कार्यकर्ते